विश्लेषण : खान्देशातले जंगल किती टनांचे? उपग्रहाचे रडार ते कसे तोलते?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेकडच्या डोंगरांत, बारीपाडा हे छोटे आदिवासी गाव आहे. नव्वदच्या दशकात या गावाने भोवतालचे उजाड डोंगर राखायला सुरुवात केली. झाड तोडणाऱ्याला दंड आणि तोडणाऱ्याची खबर देणाऱ्याला बक्षीस, हे नियम गावानेच केले आणि गावानेच पाळले. आज तिथे ४०० हेक्टरांहून अधिक जंगल उभे आहे. या कामासाठी चैत्राम पवार यांना जानेवारी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ४०० हेक्टरांचा हा आकडा राज्यभर पोहोचला.

आता त्याच जंगलाबद्दल दुसरा प्रश्न. त्या ४०० हेक्टरांवर किती टन लाकूड उभे आहे?

जंगलाचे वजन कोण करते, असे वाटेल. पण हवामान बदलाचा सगळा हिशेब टनांत चालतो. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. भारताने जगाला दिलेला शब्दही टनांतच आहे : २०३० पर्यंत जंगले आणि झाडे यांच्या जोरावर २५० ते ३०० कोटी टन जास्तीचा कार्बन डायऑक्साइड साठवण्याचा. आणि आता हे वजन जमिनीपासून ७४७ किलोमीटर उंचीवरून काढले जाणार आहे. इस्रो आणि नासा यांचा ‘निसार’ हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून अवकाशात गेला. हिमनद्या, भूकंप आणि शेती यांच्याबरोबरच जंगलाचा जैवभार, म्हणजे झाडांचे जमिनीवरचे सुके वजन काढणे हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक आहे.

उपग्रहाला वजनकाटा नाही. मग तो टन कसे सांगतो? आणि सातपुडा, साक्रीचे डोंगर आणि मधल्या तापीकाठच्या केळीबागा यांच्याबाबत त्याचे म्हणणे किती मानायचे?

सध्याचा सरकारी आकडा काय मोजतो?

देशातल्या जंगलाचा अधिकृत आकडा डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून येतो. संस्थेचा २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के. यासाठीची व्याख्या सोपी आहे. किमान एक हेक्टरचा तुकडा आणि त्यावर किमान १० टक्के झाडांचे छत्र असले की तो वनाच्छादनात. जमीन वनखात्याची की खासगी, झाड सागाचे की आंब्याचे, हे ती विचारत नाही.

हे काम मुख्यतः साध्या, म्हणजे कॅमेऱ्यासारख्या उपग्रह चित्रांवरून होते. वरून हिरवे किती दिसते ते मोजायचे. कणगीत वरून डोकावून आत धान्य किती आहे ते सांगण्यासारखेच हे आहे. वरचा थर दिसतो, खोली दिसत नाही. घाणेरीने भरलेला उतार पावसाळ्यानंतर गर्द हिरवा दिसतो, पण त्यात लाकूड मूठभर. याउलट मार्चमध्ये सातपुड्यातला सलईचा डोंगर निष्पर्ण असतो. वरून पाहिले तर मातीचा रंग आणि पांढुरकी खोडे एवढेच, पण लाकूड जागच्या जागी उभे असते.

त्यामुळे छत्राच्या आकड्यावरून टनांकडे जायचे तर मधे बरेच गणित आणि बरेच अंदाज लागतात. संस्था ते करते, जमिनीवरच्या मोजणीच्या आधारानेच करते. २०२३ च्या अहवालात देशातल्या जंगलांचा कार्बनसाठा ७२८ कोटी टनांहून थोडा अधिक दिला आहे. पण हा आकडा देश आणि राज्य पातळीवर जितका भरवशाचा, तितका तो एका गावाच्या जंगलाला लावता येत नाही. तिथे रडारचा उपयोग सुरू होतो.

वीत, तीन बोटे आणि दीड हात

कॅमेरा सूर्यप्रकाशावर अवलंबून असतो. रडार स्वतः रेडिओ लाट सोडते आणि जमिनीवरून परत आलेली लाट टिपते. त्याला रात्र चालते, ढग चालतात. जून ते सप्टेंबर या काळात खान्देशाचे स्वच्छ चित्र मिळणे कॅमेऱ्याच्या उपग्रहाला अवघड जाते, रडारला ती अडचण नाही.

झाडाच्या बाबतीत सगळा खेळ लाटेच्या लांबीचा आहे. लाट आपल्याएवढ्या किंवा आपल्यापेक्षा मोठ्या वस्तूवर आपटून परतते आणि फार लहान वस्तू तिला जवळजवळ दिसतच नाही. युरोपचा सेंटिनेल-१ आणि इस्रोचा ईओएस-०४ हे उपग्रह वापरतात ती लाट साधारण साडेपाच सेंटिमीटरची, म्हणजे तीन बोटांची. ती पानांवर आणि बारीक फांद्यांवरच आपटते आणि वरच्या वर परत येते. निसारकडे दोन लाटा आहेत. इस्रोने अहमदाबादच्या केंद्रात बनवलेल्या रडारची लाट नऊ-दहा सेंटिमीटरची आणि नासाच्या रडारची २४ सेंटिमीटरची, म्हणजे जवळपास एक वीत. ही वीतभर लाट पानांमधून पार होते आणि जाड फांद्या, खोड यांना जाऊन भिडते. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय अवकाश संस्थेने ‘बायोमास’ नावाचा उपग्रह सोडला. त्याची लाट ७० सेंटिमीटरची, म्हणजे दीड हाताहून थोडी मोठी. अ‍ॅमेझॉनसारख्या घनदाट जंगलातही ती थेट खोडापर्यंत आणि जमिनीपर्यंत पोहोचते. अवकाशातून इतकी लांब लाट वापरणारे हे पहिलेच रडार.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला रडारचे समीकरण आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यात झाड कुठेच नव्हते, विमान होते. विमान एक असते आणि त्यावरून लाट एकदा परतते. जंगलात ती फांदीवरून फांदीवर, खोडावरून जमिनीवर अशी ठेचकाळत फिरते आणि बाहेर पडेपर्यंत तिची दिशा बदललेली असते. आडवी सोडलेली लाट थोडीशी उभी होऊन परतते. नेमकी ही ‘उभी होऊन परतलेली’ लाट कामाची. सपाट शेतातून ती फार कमी येते, कारण तिथे ठेचकाळायला काही नसते. जंगल जितके भरगच्च, तितकी ती जास्त.

मात्र एका मर्यादेपर्यंतच. जंगल ठरावीक दाटपणाच्या पुढे गेले की परतणारी लाट वाढायची थांबते. पाणी भरून वाहू लागलेल्या हंड्यात आणखी किती ओतले हे हंडा पाहून कळत नाही, तसे. तीन बोटांच्या लाटेचा हंडा हेक्टरी काही दहा टनांतच भरतो. वीतभर लाटेचा साधारण १०० टनांच्या आसपास. दीड हाताच्या लाटेचा त्याहून बऱ्याच पुढे.

मग निसार खान्देशाला का मानवतो?

कारण आपले जंगल विरळ आहे. एरवी कमीपणाची वाटणारी गोष्ट इथे सोयीची ठरते.

जळगाव आणि धुळ्याचे जंगल कोरडे पानझडी आहे : साग, सलई, अंजन, धावडा, खैर, तेंदू, मोह, पळस. यावल अभयारण्य १९६९ पासूनचे, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. धुळ्याच्या शिरपूर तालुक्यात अनेर धरणालगतचे अभयारण्य आहे. अशा जंगलात हेक्टरी सुके वजन बहुतेक ठिकाणी १०० टनांच्या आत राहते. अ‍ॅमेझॉनमध्ये ते दोनशे-तीनशे टनांच्या घरात जाते. म्हणजे वीतभर लाटेचा हंडा जिथे भरतो, त्याच्या आतच आपले जंगल बसते. निसारच्या मोहिमेने जैवभारासाठी ठेवलेले उद्दिष्टही नेमके याच पट्ट्याचे आहे : हेक्टरी १०० टनांपेक्षा कमी जैवभार असलेल्या जंगलात, एक हेक्टरच्या तुकड्यासाठी, २० टनांच्या आतबाहेर अचूकता, आणि तीही अशा क्षेत्रापैकी निदान ८० टक्के भागात.

युरोपच्या ‘बायोमास’चा नकाशा २०० मीटर बाय २०० मीटरच्या चौकटीत येणार आहे, म्हणजे चार हेक्टरला एक आकडा. बारीपाड्यासाठी अशा जेमतेम शंभर चौकटी. निसारच्या हिशेबाने ४००. शिवाय निसार दर १२ दिवसांनी त्याच वाटेवरून जातो आणि एका फेरीत २४० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो. अख्खा जळगाव जिल्हा त्यात सहज मावतो.

निसारच्या इस्रोने बनवलेल्या रडारने टिपलेले पहिले चित्र १९ ऑगस्ट २०२५ चे, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचे होते. त्यात खारफुटी, शेते, सुपारीच्या बागा वेगवेगळ्या ओळखता येतात, असे इस्रोने म्हटले. सुपारी ओळखू येत असेल तर केळी?

केळी मधे कुठून आली?

यावल, रावेर, चोपडा. सातपुड्याच्या पायथ्याशी उभे राहून दक्षिणेला पाहिले तर नजर जाईल तिथपर्यंत केळी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. जंगलाची हद्द आणि केळीची बाग यांच्यात अनेक ठिकाणी फार अंतर नसते.

केळ हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने झाड नाहीच. लाकूड शून्य. आपण ज्याला खांब म्हणतो तो पानांच्या देठांचा एकात एक गुंडाळलेला गठ्ठा, आणि त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी. आता रडारची अडचण अशी की त्याला लाकूड म्हणून काही कळत नाही. लाटेला जाणवते ते पाणी आणि रचना. ओली वस्तू लाट जोरात परतवते, सुकी वस्तू कमी. जिवंत झाडाच्या खोडात पाणी असते म्हणूनच रडारला ते दिसते, आणि त्यावरून आपण सुक्या वजनाचा अंदाज बांधतो. केळीत हा अंदाज पुरता फसतो. तीन बोटांच्या लाटेला केळीचे पान म्हणजे भिंतच. त्या चित्रात ऐन भरातली केळीची बाग आणि शेजारचे खरे जंगल यांची चमक एकमेकांत मिसळू शकते. वीतभर लाट पानांतून पार होते, तरी ओल्या खांबांची दाटी तिला गप्प बसू देत नाही.

माझ्या मामांची यावल तालुक्यात केळी आहे. उपग्रहाला तुमची बाग जंगल वाटू शकते, असे सांगितल्यावर ते म्हणाले, घडाचे वजन सांगत असेल तर सांग, खांबाचे घेऊन काय करू?

मामांच्या बागेला वेगळे काढण्याचा एक उपाय मात्र निसारमध्येच आहे, तो म्हणजे १२ दिवसांची फेरी. जंगल १२ दिवसांत बदलत नाही. केळी बदलते. लागवडीनंतर चमक चढत जाते, बाग निसवते, घड कापले जातात, खांब आडवे होतात आणि चमक एकदम पडते. मग पिलबाग पुन्हा चढू लागते. वर्षभराच्या तीस फेऱ्यांचा आलेख समोर ठेवला तर बागेचा चढउतार आणि जंगलाची जवळपास सरळ रेष यांत गल्लत व्हायचे कारण नाही. एका तारखेचे एकच चित्र घेऊन ‘जंगल वाढले’ किंवा ‘घटले’ असे कोणी सांगत असेल, तर खान्देशात तरी तारीख आणि लाटेची लांबी आधी विचारावी.

दव, पाऊस आणि डोंगराची सोंड

पाण्याचीच दुसरी भानगड हवामानाची. रडार ढगातून पाहते हे खरे, पण पावसाने भिजलेली जमीन आणि ओली पाने लाट जास्त परतवतात. जुलैतला तोच उतार मे महिन्यापेक्षा ‘वजनदार’ दिसेल, झाड एक इंचही वाढलेले नसताना. निसार एखाद्या ठिकाणावरून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास जातो. हिवाळ्यातल्या पहाटेचे दवही मोजणीत येऊ शकते. कॅमेऱ्यासाठी चांगला हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. रडारने लाकूड मोजायचे तर खान्देशात फेब्रुवारीअखेर ते मे हा काळ चांगला : पाने गळलेली, माती कोरडी, परतलेली लाट बरीचशी खोडाफांद्यांची. तेव्हा खोडातले पाणीही कमी झालेले असते. म्हणून दरवर्षी तोच महिना धरावा लागतो.

डोंगराचे प्रकरण आणखी मजेचे आहे. रडार सरळ खाली पाहत नाही, तिरके पाहते. त्यामुळे त्याच्याकडे तोंड केलेला उतार उजळ दिसतो आणि पाठमोरा उतार अंधारात जातो. दोन्हीवर सारखेच जंगल असले तरी. हा दोष उंचीचे नकाशे वापरून दुरुस्त करतात, पण पूर्ण जात नाही. निसारसारखा उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण उडतो आणि पाहतो पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे. सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण, म्हणजे तिचे उतार नेमके रडारच्या तोंडासमोर. सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलेला, त्याचे मोठे उतार उत्तरेला आणि दक्षिणेला. त्यामुळे यावलच्या मुख्य रांगेला हा त्रास तुलनेने कमी. रांगेतून खाली उतरणाऱ्या सोंडा आणि नाल्यांच्या खोऱ्यांत तो आहेच. साक्रीचा पश्चिम भाग मात्र सह्याद्रीच्या बाजूचा, उंचसखल. बारीपाड्याच्या नकाशाकडे पाहताना हे लक्षात ठेवावे लागेल.

खरा तराजू कुठे आहे?

जमिनीवरच. रडार टन सांगत नाही, परतलेल्या लाटेचा जोर सांगते. त्या जोराचे टन करायला आधी काही ठिकाणी खरे वजन माहीत असावे लागते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने देशावर पाच बाय पाच किलोमीटरची जाळी टाकली आहे आणि तिच्या आधाराने निवडलेल्या ठिकाणी माणसे जाऊन झाडे मोजतात. छातीइतक्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाचा घेर. झाडाची जात. त्यावरून ठरलेल्या सूत्रांनी लाकडाचे आकारमान, त्याला लाकडाच्या घनतेने गुणले की वजन. याच संस्थेने इस्रोच्या अहमदाबाद केंद्रासोबत वीतभर लाटेच्या रडारवरून देशभराचा जैवभार काढण्याचा अभ्यास केला आणि तो २०२१ च्या अहवालात दिला. म्हणजे निसारच्या आधीच आपल्याकडे या वाटेवर पाऊल पडलेले आहे.

लाकडाच्या घनतेचा मुद्दा खान्देशात दुर्लक्ष करण्यासारखा नाही. अंजन हे आपल्या भागातले ओळखीचे झाड, आणि त्याचे लाकूड देशातल्या सर्वांत जड लाकडांत मोजले जाते. सलईचे लाकूड हलके, खोक्यांच्या कामाचे. सारख्याच घेराचा आणि उंचीचा अंजन सलईपेक्षा खूप जड भरतो. रडारला दोन्ही जवळपास सारखेच दिसू शकतात. दुसऱ्या राज्यातल्या सागाच्या जंगलावर बसवलेले सूत्र इथे तसेच लावले तर अंजनाचा डोंगर हलका आणि सलईचा डोंगर जड दाखवला जाईल. कोणत्या उतारावर काय उभे आहे, हे ७४७ किलोमीटरवरून कळत नाही. ते पालच्या जंगलात फिरणाऱ्या वनरक्षकाला कळते, आणि डिंक गोळा करणाऱ्या पावरा, तडवी माणसाला त्याच्याहून बारीक कळते.

बारीपाड्याचा हिशेब करून पाहू

समजा एका हेक्टरच्या आकड्यात २० टनांची चूक होऊ शकते. जंगल हेक्टरी ५० टनांचे असेल तर उत्तर ३० ही येईल आणि ७० ही. एकट्या हेक्टरसाठी हे फारसे उपयोगाचे नाही. पण ४०० हेक्टरांची सरासरी काढली तर कुठे जास्त, कुठे कमी अशा चुका एकमेकींना खातात. पुस्तकी नियमाने २० ला ४०० च्या वर्गमुळाने, म्हणजे २० ने भागायचे. चूक उरते हेक्टरी एक टन. छान.

अडचण ही की हा नियम चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच लागू होतो. उताराची, ओलीची किंवा चुकीच्या सूत्राची चूक सगळीकडे एकाच बाजूला झुकते. बाजारात याला पासंग म्हणतात. तराजूला पासंग असेल तर चारशे वेळा तोलूनही तो जात नाही.

पासंगाची किंमत काढू. समजा नकाशा हेक्टरी १० टन जास्त दाखवतो. सुक्या लाकडात सुमारे ४७ टक्के कार्बन असतो, म्हणजे ४.७ टन. कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला ३.६७ ने गुणायचे : १७ टनांहून थोडे अधिक. गुणिले ४०० हेक्टर. जवळपास ६,९०० टन. हातात नसलेले ६,९०० कार्बन क्रेडिट कागदावर आले. नकाशा तेवढाच कमी दाखवत असेल तर गावाचे तेवढेच गेले. आणि गावाला ते कळणारही नाही, कारण नकाशा बनवणारा, तपासणारा आणि विकत घेणारा हे तिघेही गावाबाहेरचे असतात.

केंद्राच्या ग्रीन क्रेडिट कार्यक्रमात ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलले. आता रोपे लावल्याबरोबर क्रेडिट मिळत नाही. किमान पाच वर्षे जावी लागतात आणि झाडांचे छत्र किमान ४० टक्के व्हावे लागते. रोपे लावून फोटो काढण्याच्या प्रकारांना त्यामुळे आळा बसेल, हे चांगलेच. पण पुन्हा मोजमाप छत्राचेच आहे, वजनाचे नाही. वन सर्वेक्षणाच्या वर्गवारीत १० ते ४० टक्के छत्र म्हणजे विरळ जंगल, आणि कोरड्या खान्देशातले कितीतरी उतार याच वर्गात बसतात. कमी पाण्यात, खडकाळ जमिनीत सावकाश वाढणाऱ्या अंजनाला ४० टक्क्यांची अट आणि कोकणातल्या झाडालाही तीच. इथे वजन पाहिले असते तर न्याय थोडा वेगळा झाला असता, असे मला वाटते.

वनहक्काच्या दाव्यात असा नकाशा चालेल का?

सातपुड्यात हा प्रश्न कार्बनपेक्षा जवळचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जमीन कसणाऱ्या आदिवासीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. त्या दिवशी तिथे जंगल होते की शेत, यावरच दावा टिकतो किंवा पडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहावरून अतिक्रमणे पाहायलाही सांगितले होते. दोनच आठवड्यांत न्यायालयाने हटवण्याचा आदेश स्थगित केला. पण उपग्रह हा साक्षीदार तेव्हापासून चर्चेत आला.

कायद्याचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनुसार उपग्रह चित्रे आणि इतर तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून घेता येतात, त्यांच्या जागी नाही. ग्रामसभेतल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, जुन्या दंडाच्या पावत्या, बांध, विहीर, हे सगळे पुरावेच.

रडारपुरते पाहिले तर तारखांचा एक विचित्र योग आहे. जपानचा जेईआरएस-१ हा वीतभर लाटेचा उपग्रह १९९२ ते १९९८ चालला. त्याच जातीचा पुढचा जपानी उपग्रह एलॉस अवकाशात गेला तो २४ जानेवारी २००६ रोजी. कायद्यातली तारीख १३ डिसेंबर २००५. बरोबर सहा आठवड्यांचे अंतर. लाकूड पाहू शकणारी वीतभर लाट त्या दिवशी आकाशात नव्हती. तीन बोटांच्या लाटेचे उपग्रह होते, कॅमेऱ्याचे होते. पण बांधावर मोह राखून मधे ज्वारी पेरलेले शेत आणि विरळ जंगल यांत त्यांची गल्लत होऊ शकते. तेव्हा २००५ सालचा ‘जैवभाराचा नकाशा’ दाखवून कोणी दावा फेटाळत असेल, तर तो कोणत्या उपग्रहाच्या कोणत्या लाटेवरून काढला, हे लेखी मागण्याचा हक्क दावेदाराला असायला हवा.

हा डेटा आपल्याला पाहता येतो का?

निसारचा डेटा मोफत ठेवण्याचे दोन्ही संस्थांचे धोरण आहे. भारतात तो हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी पोर्टलवर, अमेरिकेत अलास्काच्या केंद्रातून. फोनवर उघडून पाहावे असा मात्र तो नाही. उपग्रह रोज साधारण ८० टेराबाइट डेटा तयार करतो, फाइली अवजड असतात आणि त्यातून जंगल बाहेर काढायला संगणक आणि शिकलेला हात लागतो. जळगावच्या विद्यापीठात आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत असे हात आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना विषय शोधणाऱ्यांनी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याऐवजी हा विषय घेऊन पाहावा.

त्यांना सुरुवातीला निसारची वाट पाहायचीही गरज नाही. जपानने एलॉस आणि त्यानंतरच्या एलॉस-२ या उपग्रहांचे वर्षवार नकाशे २५ मीटरच्या चौकटीत मोफत दिले आहेत : २००७ ते २०१० आणि पुढे २०१५ पासून. मधली वर्षे नाहीत, कारण पहिला उपग्रह २०११ मध्ये बंद पडला आणि दुसरा २०१४ मध्ये गेला. बारीपाड्याच्या ४०० हेक्टरांवर २५ मीटरच्या ६,४०० चौकटी बसतात. गावाने राखलेले जंगल आणि शेजारचा न राखलेला डोंगर, दोन्हींच्या परतलेल्या लाटा २००७ पासून शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील. त्या लाटांचे टन करायचे असतील तर मात्र गावातल्या कोणीतरी छातीइतक्या उंचीवर टेप धरून लिहून ठेवलेले घेर लागतील, प्रत्येक घेरापुढे झाडाचे नाव आणि मोजल्याची तारीख.